खालच्या फळीवरचे बूट

पाहुणा मशिदीत शिरला की हसीबा वाकायची आणि त्याच्या बुटांची टोकं दाराबाहेर वळवून ठेवायची, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातात. बोस्नियात घरोघरी हे करतात. फक्त खालच्या फळीवरचे तपकिरी बूट ती पुसायची, पण वळवायची नाही. ते तिच्या नवऱ्याचे, अवदियाचे. तो या मशिदीत बांग द्यायचा, आणि तिच्या लेखी तो अजून निघालेला नव्हता.

एकतीस वर्षांपूर्वी, लढाईतल्या एका मे महिन्यात, सर्ब सैनिकांनी त्याला इथूनच नेलं. संध्याकाळी दारातले बूट तिने घरी आणले. दुसऱ्या पहाटे मशीद सुरुंगाने उडवली. चारशे वर्षांची मशीद! तिचे दगडसुद्धा ट्रकांत भरून कुठेतरी नेऊन टाकले आणि त्या जागेवर गाड्या उभ्या करायला लागले. पुढे ती पुन्हा बांधली, हुबेहूब. आता प्रवासी येतात, हसीबा त्यांना इतिहास सांगते. ‘लढाईत नुकसान झालं’ एवढंच म्हणायचं, असं मशिदीच्या कमिटीने तिला बजावलंय. नुकसान म्हणे! गारपीट झाली होती जशी काही. अवदियाची हाडं काही सापडली नाहीत. तेवढी मातीत ठेवायची, एवढी एकच गोष्ट तिला या जगाकडून हवी होती.

त्या शनिवारी मिलोये आला. समोरच्या गल्लीतला सर्ब, तिचा शाळेतला सोबती, तेव्हाचा ट्रक ड्रायव्हर. इतक्या वर्षांत तो ही पायरी चढला नव्हता; सुट्टीला आलेल्या नातीने ओढून आणला होता.

"आजी, हे बूट कुणाचे? आत कुणी आहे का?" नातीने विचारलं.

"माझ्या माणसाचे गं. नेलं तेव्हा घालू दिले नाहीत. नुसत्या मोज्यांवर नेला त्याला."

"लाल काठाचे," नाडी सोडता सोडता मिलोये पुटपुटला आणि त्याचा हात थांबला.

ते मोजे हसीबाने आदल्या रात्री विणून पुरे केले होते. अवदियाने ते त्या दिवशी पहिल्यांदाच घातले होते.

नात आत गेली. हसीबाने तिचे बूट वळवून ठेवले.

"मिलोये, कुठे पाहिलेस ते?"

"मी दगड वाहिले, हसीबा. हुकूम होता."

"दगडांखाली काय होतं?"

"गुडघे धरलेत माझे. मी काही आत येत नाही."

"आत कोण बोलावतंय तुला, मेल्या! कुठे टाकलास तेवढं सांग. तुझं नाव नाही घेणार मी कुठे."

तो सोडलेली नाडी पुन्हा बांधू लागला.

"किती सुंदर आहे आतून!" मुलगी बाहेर आली.

"पोरी, आजोबांना विचार, लाल काठाचे मोजे कुठे पाहिले त्यांनी."

"कसले मोजे, आजोबा?"

"काही नाही गं. बाईचं डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं. चल."

मुलीने हसीबाकडे पाहिलं. तिला खरंच दया आली. तिने दानपेटीत एक नोट टाकली, वळवून ठेवलेल्या बुटांत पाय सरकवले आणि आजोबांना हाताला धरून जपून खाली उतरवलं.

हसीबाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उद्या हाच माणूस पाव आणायला याच दारावरून जाणार होता.

मग तिने खालच्या फळीवरचे बूट उचलले, पुसले आणि दाराबाहेर, मिलोयेच्या घराकडे टोकं करून मांडून ठेवले.