डोलकाठीवरची चिंधी

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षरही ओळ सोडून खाली घसरतं. कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय पेन पुढे जाईना.

माझे मालक ट्रकच्या बॉड्या बांधायचे. कामासाठी एकदा देवगडला गेले आणि तिथे विकायला काढलेली शिडाची जुनी होडी बघून आले. तिला याट म्हणतात. दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी खोली, एक डोलकाठी, एक शीड. तीन रात्री त्यांना झोप नव्हती. शेवटी हुपरीच्या माझ्या थोरल्या बहिणीकडून साठ हजार उसने घेतले. अक्काला भिशी लागली होती, तिने ते तसेच काढून दिले. मंगळवार पेठेतली आमची गल्ली मात्र हसली. "काय नाखवा, आज रंकाळ्यात का पंचगंगेत?" असं जो तो विचारायचा.

दोन वर्षं आम्ही सुट्टीला मोटारसायकलवरून घाट उतरून देवगडला जायचो. तिथल्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्यांना सगळं शिकवलं. मला त्यांनी एकच काम दिलं. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी त्यांनी डोलकाठीच्या दोरीला बांधली होती, तिच्यावर नजर ठेवायची. वारा कुठून आहे ते चिंधी सांगते. वारा पाठीमागून असला की शीड एका अंगाला पूर्ण उघडं असतं. अशा वेळी वाऱ्याने बाजू बदलली तर शिडाखालचा आडवा दांडा एका झटक्यात इकडून तिकडे येतो. म्हणून चिंधी हलली की मी "फिरली!" असं ओरडायचं आणि त्यांनी डोकं खाली घालायचं.

पहिल्या दिवशी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचेना. ते म्हणाले, "अगं, हितं वारं हाय. जरा मोठ्यांदा बोल की. हितं तुझी सासू न्हाय ऐकायला."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. मग मलाच हसू आलं. घरी मी दूधवाल्याशीही दाराआडून बोलते, पण त्या पाण्यावर मी घसा ताणून ओरडायची. कधी ऊन, कधी घटकेत ढग, वाऱ्याचा काही नेम नसायचा, पण मला भीती वाटली नाही.

शेवटची खेप मे महिन्यातली. त्यांच्या कारखान्याचे शेठ आणि शेठचे मेहुणे हौसेने आले होते. किनाऱ्याकिनाऱ्याने विजयदुर्गापर्यंत गेलो, माशाचं जेवलो आणि परत निघालो. वारा पाठीमागून होता, होडी छान पळत होती. मी पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात बसले होते. मेहुणे म्हणाले, "वहिनी काय बोलत न्हाईत हो! लाटांनी वाचा बसली काय?" शेठ मोठ्याने हसले. माझे मालकही हसले आणि म्हणाले, "तसं न्हवं, लई वरडतीया ती. आज पावणं हाईत म्हणून गप हाय."

तेवढ्यात जमिनीकडून काळं आभाळ आलं. हवा गार लागली. चिंधी आधी लोंबली, मग उलटी फिरली. मी बघितलं, सगळ्यांच्या आधी मीच बघितलं.

मी "फिरली" म्हणाले. पण म्हणाले ती घरच्या आवाजात, दाराआडून बोलावं तशी. दोन परके पुरुष समोर बसलेले, ओरडू कशी?

"आं?" म्हणून मालक माझ्याकडे वळले. मला ऐकायला म्हणून वळले. आणि दांडा त्यांच्या कानशिलावर बसला.

ते खाली बसले, लगेच उठलेही. "काय न्हाय, काय न्हाय," असं पाहुण्यांना म्हणाले. पाऊस फोडून काढत होता, तरी होडी त्यांनीच सुखरूप खाडीत आणली. शेठच्या गाडीतून आम्ही कोल्हापूरला आलो. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून कामावर गेले नाहीत. दुपारी उलट्या झाल्या, दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टरांनी विचारलं, "लागलं कसं?" मी म्हणाले, "दांडा लागला." तेवढंच सांगितलं. बाकीचं आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

होडी देवगडच्याच एकाने घेतली. पडक्या भावात गेली, पण दारात ठेवायची वस्तू नव्हे ती. चिंधी सोडायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. त्या माणसाला वारा कसा कळणार?

तेवढ्याने अक्काचे फिटले नाहीत. उरलेल्यासाठी तीन वर्षं एका खाणावळीत भाकऱ्या थापल्या. अक्काने कधी मागितले नाहीत. परवा शेवटचे पाच हजार घेऊन हुपरीला गेले. अक्का बर्नर पेटवून चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडायला डाग देत होती. शेजारी दोन बायका घुंगरं ओवत होत्या. नोटा तिच्यासमोर ठेवल्या.

"ए खुळे, हे कशाचं?" खाली मान घालून तिने विचारलं. "अजून किती ऱ्हायलं?"

"फिटलं," मी म्हणाले.

बर्नरच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. "आं?" म्हणून ती माझ्याकडे वळली. पेटता बर्नर तिच्या हातातच होता.

"फिटलं!" मी ओरडले. "अक्का, बर्नर खाली ठेव! फिटलं सगळं!"

घुंगरं ओवणाऱ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. अक्काने बर्नर बंद केला आणि नोटा मोजल्या. पाच हजार बरोबर भरले.