गुळाची करवत

लोखंड कापायच्या करवतीनं मी एकदा गुळाची भेली कापायला घेतली होती. हे मी आजवर नातवंडांना सांगितलेलं नाही, कारण त्यांना मी शहाणी वाटते आणि तो समज आपल्या हातानं कशाला मोडा.

सासरी येऊन जेमतेम महिना झाला होता. आमचं हे गाव केनवडच्या बाजूचं, माझं माहेर कारंज्याचं. बाजारपेठेच्या गावातून आलेली, म्हणून इथल्या लोकांपेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, अशी माझी समजूत. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, पाहुणे येऊन राह्यले. भेली फोडून ठेव." आणि त्या शेजारी निघून गेल्या.

बत्ता घेऊन चार ठोके दिले असते तर काम झालं असतं. पण मग माझी हुशारी कुणाला दिसली असती? गोठ्यातल्या खुंटीला एक वस्तू लटकलेली होती. लोखंडाची कमान, तिच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवलेली बारीक दातांची पत्ती आणि मागे कानशीला असते तशी गोल लाकडी मूठ. सुताराची करवत मी पाहिली होती, ती चांगली रुंद असते. ही कसली ते कळेना. म्हणून मी ती भेलीवर धरून पाहिली, तर भेली त्या कमानीखाली अशी नेमकी बसली की माझी खात्रीच पटली. मनात म्हटलं, वा, काय हौशी लोक आहेत, गुळासाठी वेगळं हत्यार ठेवतात.

तिथंच पाट मांडला, भेली भिंतीला टेकवली आणि लागले कामाला. पहिले रेटे बरे गेले. मग दातांत गूळ भरला आणि पत्ती अशी रुतली की करवत उचलली तर भेलीही वर यायला लागली. कशीबशी सोडवली, शेवटी बत्त्यानंच भेली फोडली, करवत पदराला पुसली आणि होती तशी खुंटीला अडकवून दिली. आपण फार सफाईनं काम केलं, असं वाटून रात्री झोपसुद्धा छान लागली.

सकाळी मुंग्यांनी चहाडी केली. भिंतीच्या कडेला सांडलेल्या गुळाच्या भुशापासून त्यांची रांग निघाली होती ती थेट खुंटीपर्यंत. सासरे त्या खुंटीसमोर उभे. गाडीचं, वखराचं लोखंड ते त्या करवतीनं कापत. त्यांनी एकदा मुंग्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, करवत गरम पाण्यानं धुतली, तेल लावून जागेवर ठेवली आणि शेतात गेले. दाराशी उभा असलेला माझा नवरा मात्र ओठ दाबून हसत होता. ते हसू त्यानं पुढे जन्मभर पुरवलं. घरात कधी काही फुटेना, उघडेना, तुटेना झालं की हा विचारणार, "करवत आणू काय?"

आता सासू-सासरे नाहीत. गोठ्यात बैल नाहीत. करवत खुंटीवरच आहे, आणि नवऱ्याला मी बुढा म्हणते, तो मला बुढी म्हणतो.

मागच्या वर्षी बुढा पडला. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं. पाय सुधारला, पण ओट्यापासून फाटकापर्यंत जायला कुणाचा तरी हात लागायचा. फाटकासमोरच पार आहे आणि तिथं त्याची मंडळी रोज बसते. मी म्हणायची, चला, मी सोडून देते. तर म्हणे, "लोकं म्हणतीन, बुढीनं लेकरू खेळाले आणलं." आणि बाजेवर बसून फाटकातून पाराकडे पाहत राहायचा. तिकडून हसण्याचा आवाज आला की याची मान लांब व्हायची. माणूस बोलायचा कमी झाला. मला टोमणेसुद्धा मारीना, तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली.

सून म्हणाली, "आई, ओट्याच्या खांबापासून फाटकाच्या खांबापर्यंत आडवा पाइप टाकू. बाबा त्याले धरून जातीन." गवंडी आला, दोन्ही खांबांत भोकं पाडली आणि म्हणाला, "पाइप मापात कापून ठेवा, सकाळी बसवून देतो. उद्या नाही जमलं तं मंग दिवाळीनंतर. मी बाहेरगावच्या कामावर चाललो."

विहिरीच्या जुन्या मोटारीचा पाइप घरात होता, पण हातभर जास्त. वेल्डिंगवाल्याकडे मळणीयंत्रांची रांग लागलेली, तो म्हणे चार दिवस थांबा. मी गोठ्यात गेले आणि करवत उतरवली. पत्ती गंजून गेली होती, हात लावला तशी तुटली. सुनेनं केनवडहून नवी आणली, तर ती कमानीपेक्षा लांब निघाली. उलटसुलट करून पाहताना कळलं की कमान दोन तुकड्यांची आहे, एक तुकडा दुसऱ्यात सरकतो आणि खाचेत अडकतो. इतकी वर्षं घरात असलेल्या वस्तूची माझी ओळख अशी अर्धीच. कमान लांबवली, पत्ती अडकवली, टोकाचा दोन कानांचा नट पिळून ताणली. सुनेनं पाइप बाजेच्या लाकडी चौकटीवर दाबून धरला.

करवत नुसती थरथरली. पाइपावर पांढरे ओरखडे, काप काही पडेना. मी ओढतेय, ओढतेय, खांदा भरून आला. बुढा खुर्चीवरून पाहत होता. म्हणाला, "अवं, काय खाजवून राह्यली त्याले?"

मी थांबले, पत्तीवरून अंगठा फिरवला. दात माझ्याकडे वळलेले होते. जन्म गेला विळ्यानं कापण्यात. विळा आपल्याकडे ओढला की कापतो, म्हणून मी पत्तीही तशीच बसवली होती. आणि मग मला तो गुळाचा भुसा आठवला. तो माझ्या मांडीवर पडला नव्हता, समोर भिंतीच्या कडेला पडला होता. मुंग्या तिथूनच निघाल्या होत्या. म्हणजे सासऱ्यांची पत्ती पुढे रेटताना कापायची.

पत्ती फिरवून दात समोर केले आणि सावकाश, पूर्ण लांबीनं रेटत गेले. येताना नुसती अलगद आणायची, जाताना जोर. लोखंडाचा चुरा समोर पडायला लागला. पत्ती तापली तसं मी वाटीतलं तेल सोडलं. सून म्हणे, "आई, फोडणी देता काय पाइपाले?" हसता हसता तिच्या हातून पाइप सुटत होता. संध्याकाळ व्हायच्या आत हातभर तुकडा जमिनीवर पडला. दोन दिवस मला वेणी घालता आली नाही, सून घालून द्यायची. ती वेगळी गोष्ट.

सकाळी गवंड्यानं पाइप बसवला, मध्ये विटांचा टेकू दिला. सिमेंट वाळेपर्यंत बुढ्यानं तिकडे पाहिलं नाही की चौकशी केली नाही. मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर बाज रिकामी. फाटकातून पाहिलं, पारावर तो मधोमध बसलेला, हात हलवून काहीतरी सांगत होता, आणि बाकीचे हसत होते. मी चहा आत नेला आणि स्वतःच पिऊन टाकला.

दिवेलागणीला तो एकटा परत आला. पाइपावर हात सरकवत, टेकूपाशी जरा थांबत. मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते, मान वर केली नाही. तो बाजेवर टेकला, दम घेतला, तळहात नाकाशी नेऊन हुंगला आणि म्हणाला, "बुढे, त्या पाइपाले अजून गूळ लागून हाय वाटते. माहा हात गोड झाला. उद्या पुन्हा जाऊन पाहतो."