मोज्यातले हात

पायाचं कुरूप दाखवायला मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. शेजारी एक तरुण आई बसली होती आणि तिच्या मांडीवरच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या दोन्ही हातांत मोजे! मला राहवतंय थोडंच? मिशीवर ताव देत मी विचारलं, "काय पैलवान, आज कुस्ती कुणाशी?"

बाळ हसलं आणि लगेच लालभडक गाल आईच्या खांद्यावर घासू लागलं.

"इसब आहे, काका. मोजे काढले की ओरबाडून रक्त काढतो."

आपल्याकडे असल्या वेळी प्रत्येकजण वैद्य होतो. मीही हात उंचावून फर्मावलं, "कढत पाणी, डाळीचं पीठ आणि खसखसून रगडा! आम्ही सगळे असेच वाढलो."

"सासूबाईंनी महिनाभर तेच केलं," ती म्हणाली. "कातडी सोलवटून निघाली. आता कोमट पाण्यानं झटपट अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच मलम. रोज. तरी घरी मलाच विचारतात, पोटुशी असताना काय खाल्लंस?"

माझं नाटक तिथंच आटोपलं. आपण मायेनंच रगडतो, पण रगडणाऱ्याला कातडी दिसत नाही, मळ तेवढा दिसतो.

लाळेनं भिजलेला मोजा बदलायला तिनं काढला. मोकळा हात तडक गालाकडे निघाला. तिनं तो वाटेतच धरून स्वतःच्या मानेवर ठेवला आणि बाळ तिथं ओरबाडू लागलं. तेव्हा मला तिच्या मानेवरचे जुने ओरखडे दिसले.