वर्लाच्या भांड्यातलं बिघडलेलं शिसं

डोंगरमाथ्यावर रात्रीतनं बर्फ भुरभुरलं होतं. खाली खोऱ्यात नुसता ओला गारठा. सप्टेंबर सरत आला की वायोमिंगच्या या अंगाला असंच. सकाळी बोटं वळत नाहीत आणि दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होतो. वर्ला स्टेनरूडने घोड्यांना गवत टाकलं, कॉफीचा मग भरला आणि शेडमध्ये जाऊन शेगडीवर शिसं वितळवायचं बिडाचं भांडं चढवलं.

एकसष्ट वर्षांची बाई. तीस वर्षं शिकाऱ्यांच्या कँपात रांधलं, खेचरांवर एल्क हरणांचं मांस लादून आणलं, आणि कमरेच्या रिव्हॉल्वरात कायम स्वतः ओतलेल्या गोळ्या बाळगल्या. कडक शिशाच्या, चपट्या नाकाच्या. अस्वलावर गोळी झाडायची वेळ आली ती एकदाच. तो किस्सा कुणी विचारला तर म्हणायची, "मी इथं उभी आहे ना? मग झालं."

आता तेच रिव्हॉल्वर लेकीच्या, ट्वायलाच्या कमरेला होतं. दुपारी बाराला ट्वायला वरच्या ओढ्यावर निघणार होती. दहा दिवस तंबूत राहून ओढ्यातले मासे मोजायचं काम, आणि मुलूख सगळा ग्रिझली अस्वलांचा. आणि गोळ्या तिने आणल्या होत्या गावातल्या दुकानातून, टोकाला खड्डा असलेल्या.

"दुकानदार म्हणाला, आई, आत शिरली की फुलासारखी उमलते."

"उमलते ना! हरणाच्या फासळीत उमलली तर बरंच आहे, तिथल्या तिथं बसतं. अस्वलाच्या खांद्याचं हाड केवढं असतं, बघितलंयस? त्याच्यावर वरच्यावर उमलून बसली तर तू काय करणार, फुलं वेचणार?"

"माझ्याकडे मिरचीचा फवारा आहे."

"तो आधी मारायचाच. वारा उलटा फिरला तर पुढं काय?"

ट्वायलाने नाक मुरडलं. "बारापर्यंत देत असशील तर दे. नाहीतर मी आहेत त्या घेऊन निघाले."

शिसं म्हणजे जुन्या चाकांची वजनं, टायरवाल्याकडे तोल साधायला रिमला ठोकतात ती. वर्लाचा भाऊ क्लीट टायरच्या दुकानात होता, त्याने बादलीभर दिली होती. हल्ली त्यात जस्ताची घुसतात, आणि थोडं जस्त वितळलं तरी अख्खं शिसं नासतं. एरवी वर्ला एकेक वजन पकडीत दाबून बघायची. शिशात खाच पडते, जस्तात पडत नाही. आज घाई होती, आणि क्लीट म्हणाला होता, निवडून दिलीत.

पाऊण तासात भांड्यावर लापशीसारखी साय धरली. वर्लाने ढवळलं, आच वाढवली, पुन्हा ढवळलं. साच्यातनं पहिली गोळी पडली ती सुरकुतलेली. दुसरीचं बूड अर्धवट. तिसरी तिने हातात धरली आणि शेडच्या भिंतीवर भिरकावली. तिने क्लीटला फोन लावला.

"अगं, निवडली होती की!"

"कशानं निवडलीस? डोळ्यांनी?"

"दिसायला सारखीच असतात गं ती."

"तुझं डोकं आणि बादलीही दिसायला सारखीच आहेत! अख्खं भांडं नासलं माझं."

साडेदहा वाजून गेले होते. खोऱ्यात गोळ्या ओतणारा दुसरा माणूस एकच, ऑरिन गुस्टाड. त्याने आठ वर्षांपूर्वी वर्लाचा साचा नेला, मूठ मोडून परत आणला आणि वर "आधीच मोडलेली होती" म्हणाला. तेव्हापासून बोलणं बंद. वर्ला पाच मिनिटं ट्रकमध्ये नुसती बसून राहिली. मग किल्ली फिरवली.

"अरे वा, वर्लाबाई! रस्ता चुकलीस?" ऑरिनने दारातनंच विचारलं.

"चव्वेचाळीस बोअरच्या डझनभर गोळ्या पाहिजेत. कडक. लेक डोंगरात निघालीय."

"भरलेली काडतुसंच ने की. तयार आहेत."

"नकोत. नुसत्या गोळ्या दे, दारू मी भरीन."

ऑरिनचं तोंड उतरलं. "माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"माझी काडतुसं तू तुझ्या बंदुकीत घालशील?"

दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस या खोऱ्यात कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही, सख्ख्या भावाचंही नाही; दारू जास्त पडली तर बंदूक हातातच फुटते. ऑरिनने फळीवरचा डबा काढला, बारा गोळ्या तिच्या तळहातावर मोजल्या आणि म्हणाला, "मूठ मी मोडली नव्हती."

वर्लाच्या जिभेवर आठ वर्षांचं साठलेलं आलं. तिने घड्याळ बघितलं आणि ते गिळलं. "नसशील मोडली," एवढंच म्हणाली. ते म्हणताना तिला दातात वाळू चावल्यासारखं झालं.

घरी येऊन तिने दारू तोलली, एकेक काडतूस दाबून बसवलं. घाईला फाटा देऊन एकेकाला दोनदा बघितलं. बाहेर ट्वायलाचा हॉर्न वाजायला लागला.

"आई! साडेबारा झाले!"

वर्ला बाहेर आली. "खड्ड्यावाल्या काढ. आधी ह्या सहा भर, माझ्यासमोर."

"आणि त्यांचं काय करू?"

"नोव्हेंबरात हरणाला वापर. ओढ्यावर नको."

ट्वायलाने काढल्या, नव्या भरल्या, रिव्हॉल्वरचं चाक फिरवून बघितलं. उरलेल्या सहा खिशात टाकल्या. "झालं समाधान? केवढं डोकं खाल्लंस, माहितेय?" आणि धूळ उडवत गाडी गेली.

वर्लाने फाटक लावलं. सकाळ गेली, वीस पौंड शिसं गेलं, ऑरिनपुढे मान खाली गेली, आणि पोरीने धन्यवादही म्हटलं नव्हतं. घरात धुण्याचं यंत्र कधीचं थांबलं होतं. तिने ओल्या चादरी टोपलीत भरल्या, चिमटे तोंडात धरले आणि दोरीवर पहिली चादर झटकली.