कोबाचा बाण

काएचे म्हातारा झाला तरी बाण सरळच मारायचा, आणि शिकार झाली की तोंड पाडून बसायचा. आमच्या वाळवंटातल्या लोकांत शिकाऱ्यानं तसंच बसायचं असतं. "काही नाही रे, एक मरतुकडं होतं, बाणाचा ओरखडा उमटला असेल," असं त्यानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी "तरीच! तुझ्या हातून आणखी काय होणार!" म्हणून खिदळायचं. 'मी मारलं, माझं आहे' हे शब्द उभ्या आयुष्यात काएचेच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. आणि शिकार मारणाऱ्याची नसतेच मुळी. ज्यानं बाण दिला, त्याची शिकार. मटणाचे वाटेही त्यानंच घालायचे.

काएचेच्या भात्यात एक बाण होता कोबाचा. कोबा त्याची मामेबहीण. एकाच शेकोटीभोवती दोघं वाढली, एकमेकांची चेष्टा करत. मग ती लग्न होऊन पूर्वेच्या पाणवठ्यावर गेली, दीड दिवसाच्या चालीवर. मधे सरहद्दीचं तारेचं कुंपण, पण त्याखालून येजा चालायची. शेवटची आली तेव्हा नवऱ्यानं बनवलेला बाण तिनं काएचेला दिला. "मार यानं काहीतरी जाडजूड. वाटे घालायला येतेच मी."

त्यानंतर पलीकडच्या बोत्स्वानात शिकारीला बंदी आली, पहारे बसले, आणि अकरा वर्षं कोबा काही आली नाही. तो बाण काएचे पुसायचा, त्याला ताजं विष लावायचा आणि परत भात्यात ठेवायचा. वाटे घालणारीच नाही, तर मारून करायचं काय?

त्या हिवाळ्यात निरोप आला की कोबाच्या डोळ्यांवर पडदा आला आहे, दिसेनासं झालं आहे. चारच दिवसांनी काएचेला कुडू दिसला, वळणदार शिंगांचं मोठं हरीण, भरदार नर. त्यानं बाण सोडला. सोबत जुना मित्र साम्को होता. त्यानं बाण ओळखला.

"भाता भरलेला असताना नेमका तोच?"

"हाताला लागला."

"हात फार शहाणा आहे हं तुझा."

विषानं जनावर हळूहळू मरतं. दुसऱ्या सकाळी दोघं मागावर निघाले, तर माग थेट कुंपणाशी गेलेला. कुडूनं उडी मारली होती. पलीकडच्या वाळूत खूर खोल रुतले होते.

साम्को खाली बसला. "संपलं. तिकडं नुसतं धनुष्य दिसलं तरी आत टाकतात."

काएचेनं धनुष्य झाडाला अडकवलं, मग भाता, भाला, शेवटी कमरेचा सुरासुद्धा. "रिकाम्या हाताच्या म्हाताऱ्याला कोण शिकारी म्हणेल?"

"हात भरलेले असताना तरी कोण म्हणतं?" साम्को म्हणाला. मग हसू आवरून हळूच म्हणाला, "उघड्यावरून चाल. झुडपाआड लपू नकोस, लपणाऱ्यावरच गोळी झाडतात. जाळ करू नकोस. उद्या दुपारपर्यंत बघीन, नाहीतर घरी सांगीन, सिंहानं चावला आणि बेचव लागला म्हणून थुंकून टाकला."

काएचे तारेखालून सरपटला. माग पूर्वेकडं वळत होता, कोबाच्या पाणवठ्याकडं. जखमी जनावराच्या मागावर माणसानं मन शांत ठेवावं, पण त्याची पावलं काही ऐकेनात.

ऊन कलताना त्याला माणसं दिसली. वस्तीजवळच कुडू पडला होता, आणि त्याच्या मानेशी एक बाई बसून बाणाची काडी बोटांनी चाचपत होती. केस पांढरे झाले होते, पण मान तिरकी धरायची खोड तीच. काएचे वीसेक पावलांवर आला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मागून गाडी घरघरत आली.

दोन पहारेकरी उतरले. त्यातल्या थोरल्यानं बाण उपसला. "कुणाचा हा?"

सगळ्यांनी कोबाकडं पाहिलं. त्यात लपवायचं काय? बाण तिचा, शिकार तिची, मानाची गोष्ट. कोबा हसली, उठायला लागली. वहीवाला पहारेकरी गुन्हेगाराचं नाव लिहायला पेन काढून उभा होता.

"माझा!" काएचे ओरडला. "माझा बाण. मी मारला. माझी शिकार. माझ्यासारखा नेम साऱ्या मुलखात कुणाचा नाही!"

एका म्हातारीनं शरमेनं तोंड झाकलं. कोबाची मान आवाजाकडं वळली, आणि ती तशीच उभी राहिली.

"म्हातारबा, कुठून आलात?"

"कुंपणापलीकडून. तिकडंच मारला."

"पडलाय इकडं," पहारेकरी म्हणाला. त्यानं नाव लिहून घेतलं. वय बघून सोडतो म्हणाला. पुन्हा दिसलात तर थेट तुरुंग. बाण जप्त झाला. कुडू गाडीत चढला. काएचेलाही मागं बसवलं, कुंपणाशी सोडायला.

तेवढ्यात कोबा चाचपडत गाडीशी आली. "या बढाईखोराला पाणी तरी पाजू दे रे!" पहारेकऱ्याला हसू फुटलं, तो थांबला.

तिनं शहामृगाच्या अंड्याच्या पोकळ कवचातलं पाणी पुढं केलं. त्याच्या बोटांवर तिची बोटं आली आणि तिथंच राहिली.

"नेम म्हणे कुणाचा नाही," ती हळूच म्हणाली. "लाज नाही वाटली?"

"वाटली."

"वाटे मीच घालणार होते. सगळ्यांत वाईट तुकडा तुला."

"ठाऊक होतं."

"दात किती उरलेत?"

"चार."

"मग चावला नसताच."

गाडी सुरू झाली. काएचे तिच्याकडं बघत राहिला. ती मात्र भलत्याच दिशेला तोंड करून हात हलवत होती, आणि त्या घरघराटात त्याला हाक मारून सांगताही येईना की, अगं, मी इकडं आहे.