तीन पायांची पेटी

माझे फोटो कुठं भिंतीवर लावले की तरुण मुलं-मुली जवळ येतात आणि विचारतात, "आजी, प्रेरणा कुठून मिळाली?" उत्तर त्यांनी घरूनच आणलेलं असतं. त्यांना झाडं हवी असतात, पाखरं हवी असतात, नदी आणि बालपण हवं असतं. ते सगळं माझ्याकडं होतं. पण मी तिथं मजा करायला बसले नव्हते. मला तिथं पाळत ठेवायला बसवलं होतं.

फोटोग्राफर झाले ती नवऱ्याचं फोटोचं दुकान होतं म्हणून. भाजीचं असतं तर भाजी विकली असती. पण बघायचं कसं हे मला दुकानात कुणी शिकवलं नाही. ते मी शिकूनच नांदायला आले होते.

आमचं गाव पवनेच्या काठाला, कासारवाडी स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला. मी दहा वर्षांची असेन. त्या सुमारास आजूबाजूला कारखान्यांची बोलणी सुरू झाली होती. कुणाची रानं जाणार, कधी जाणार, कुणी सरळ सांगत नव्हतं. त्यामुळं गावात सगळ्यांचा सगळ्यांवर संशय. तलाठी हसला तरी संशय, नाही हसला तरी संशय. मोजणीवाले येतात, साखळी टाकतात, तीन पायांच्या दुर्बिणीतून बघतात, आणि त्यांनी एकदा बघितलं की रान गेलं, एवढं माझ्या बापाला पक्कं ठाऊक होतं. आमचं रान एकच, नदीच्या कडेचं. ते गेलं तर दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला उभं राहायचं.

चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली होतीच. जोंधळा निसवून कणसं बाहेर आली तसं बापानं मला रानातल्या माळ्यावर, उंच मचाणावर बसवलं. पाखरांसाठी गोफण दिली आणि माणसांसाठी पत्र्याचा डबा. अनोळखी माणूस दिसला की डबा बडवायचा.

दोन महिने मी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत नुसती बघत होते. माणूस दिसायच्या आधी टिटवी ओरडते. वाऱ्यानं जोंधळा हलतो तो वरून, सगळा मिळून. माणूस आत शिरला तर बुडातून हलतो, आणि एकाच रेघेत. कुत्रं असेल तर कणसं हलतच नाहीत. सकाळी माणसाच्या आधी त्याची सावली बांधावर येते, आणि सावलीवरून डोक्यावर पाटी आहे का खांद्यावर कुदळ, हे कळतं. भर दुपारी मात्र काहीच कळत नाही, सगळं सपाट होतं. म्हणून दुपारी मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. आजही मी दुपारी बारा वाजता फोटो काढत नाही. लोक म्हणतात, तुम्हाला उजेडाची जाण आहे. जाण कसली, धास्ती होती.

दोन महिन्यांत एकही मोजणीवाला सापडला नाही. माझी आत्या आमच्याकडंच असायची. ती रोज भाकरी घेऊन आली की टोमणा मारायची, "सापडला का गं चोर? का डोळं उघडं ठिवून झोपतीस?"

संक्रांत झाल्यावर एका सकाळी टिटवी ओरडली. बांधावर आधी सावली आली, आणि त्या सावलीला पाच पाय होते. मागून माणूस आला. पँट घातलेला, खांद्यावर तीन पायांचा घोडा, हातात पेटी. त्यानं बांधावर घोडा उभा केला, वर पेटी बसवली आणि काळ्या फडक्यात डोकं खुपसून आमच्या रानाकडं बघायला लागला.

मी डबा असा बडवला की पत्रा चेपला.

बाप कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावत आला, मागं आत्या. माणूस फडक्यातून बाहेर आला. घाबरलेला, पण पळाला नाही.

"कोन रं तू? कुनी धाडलं तुला?"

"कुणी नाही हो. मी पुण्याहून आलोय, गाडीनं. फोटो काढतो."

"फोटो?" आत्या म्हणाली. "हितं काय जोंधळ्याचं लगीन लागलंय?"

"उन्हाचा काढायचाय. कणसांवर ऊन पडलंय ना, त्याचा."

"लगीन न्हाई, मयत न्हाई, अन् उनाचा फोटो! उद्या काय ऊन मिळनार न्हाई व्हय तुला?"

बाप हसला नाही. "पेटीत काय दिसतंय?"

"या ना, बघा की तुम्हीच." त्यानं फडकं वर धरलं.

बाप दोन पावलं मागं सरकला. त्याच्या मनात आलं असणार, की आत डोकं घातलं की अंगठा दिल्यासारखं होईल. उद्या साहेब म्हणेल, मालकानं स्वतः बघून कबूल केलंय. त्यानं मला माळ्यावरून खाली बोलावलं.

"पोरी, तू बग. पोरीचा अंगठा कायद्यात चालत न्हाई."

मी आत शिरले. अंधार, आणि समोर शाळेच्या पाटीएवढी काच. काचेवर आमचं रान उलटं टांगलेलं होतं. आभाळ खाली, जोंधळा वर, आणि कणसं हलत होती. कडेला बाप होता, पाय वर, डोकं खाली, माझ्या बोटाएवढा. हातातला दांडा काडीसारखा. त्याचा आवाज बाहेरून नेहमीसारखाच मोठा येत होता, पण काचेवर तो एवढासाच होता. त्याची भीती न वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

काचेवर रेघाही होत्या. उभ्या, आडव्या, चौकोन चौकोन. माझा पाय घोड्याला लागला, पेटी हलली. रान सरकलं, रेघा जागच्या जागी राहिल्या. रेघा काचेच्या आहेत, रानाच्या नाहीत, हे मला तिथंच कळलं. चौथीपर्यंत पाटीवर रेघा आखल्या होत्या मी. एवढं कळायला अक्कल लागत नाही.

"काय दिसलं?"

"रान हाय. उलटं." मग मी म्हणाले, "अन् रानावर रेघा हायत्या. चौकोन पाडल्यात."

बाप एक पाऊल पुढं आला.

"आपलं रान किती बसतंय त्यात?" बापानं विचारलं.

"समदं बसतंय."

"अहो, रेघा काचेवर आहेत!" माणूस ओरडला. "फोटोत झाड वाकडं येऊ नये म्हणून असतात त्या."

"झाड वाकडं का सरळ ह्ये बगाया द्येवानं डोळं दिलं न्हाईत का तुला?" बाप म्हणाला. त्यानं काच ओढून काढली आणि बांधावरच्या दगडावर आपटली.

माणसानं पेटीला फडकं गुंडाळलं, घोडा मिटला. जाताना माझ्यापाशी थांबला. शिव्या देईल असं वाटलं. त्यानं विचारलं, "रेघा सोडून काय दिसलं गं तुला?" मी परत माळ्यावर चढले. तो नदीकडं उतरून गेला.

त्या संध्याकाळी आत्यानं मला भाकरीवर लोण्याचा गोळा दिला. मी खाल्ला. मला राग माणसाचा नव्हताच आला. दोन महिन्यांत एक तरी सापडायला हवा होता, तो सापडला. खरं बोलले असते तर लोणी मिळालं नसतं.

आठ दिवसांनी खरे मोजणीवाले आले. ते चोरून आले नाहीत. भर दुपारी मोटार घेऊन आले, बरोबर तलाठी आणि दोन पोलीस. मी डबा बडवला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. साखळी टाकली, खुणा रोवल्या. बाप बांधावर उभा राहून बघत होता. मला म्हणाला, "ह्यात हाय का त्यो? नीट बग."

मी एकेकाचं तोंड बघितलं. तो नव्हता.

"न्हाई, बा."

"असंल म्हागल्या मोटारीत."

मागं मोटार नव्हती. मग माझ्यानं राहवलं नाही. "बा, त्या रेघा काचेवरच हुत्या. पेटी हलली तरी हलल्या न्हाईत. मला तवाच कळलं हुतं."

मला वाटलं, आता मुस्काटात बसेल. बापानं हात उचलला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, तलाठ्याकडं बघायचा तसं.

"त्यो परत आलता व्हय तुझ्याकडं?" त्यानं हळूच विचारलं. "काय दिलं त्यानं तुला?"

त्यानं काही दिलं नाही, असं मी म्हणाले, शपथ घेतली. त्यानं मान हलवली आणि पुन्हा साखळीकडं बघायला लागला. रान पुढच्या वर्षी गेलं. बाप त्यानंतर बरीच वर्षं जगला. माझं लग्न त्यानंच करून दिलं, फोटोच्या दुकानवाल्याशी, आणि तेही आधी नीट चौकशी करून, की जावयाचा असा कुणी चुलता-मामा तर नाही ना, जो त्या वर्षी पेटी घेऊन नदीकाठी हिंडत होता.