आधी चिऱ्यावर, मग टायर

टायरच्या दुकानात आलेला माणूस कितीही घाईत असो, त्याला बसावंच लागतं. गाडी जॅकवर आणि चाक खाली, मग तो जाणार कुठे? पहिली पाच मिनिटं तो मोबाईल बघतो. दहाव्या मिनिटाला बोलायला लागतो. पंधरा वर्षं लोक आमच्या बाकड्यावर बसून बोलले आहेत, आणि मी स्वतः कमी बोलतो. त्यामुळे माझ्याकडे साठलंय भरपूर!

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे तीस वर्षं पाळी गावच्या खाणीवर खनिज वाहणाऱ्या टिपरचे टायर बदलले. खाण बंद पडली तेव्हा धारगळला हायवेच्या कडेला आमच्या जागेत हे दुकान काढलं. जागा माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, गुरुदासची, दोघांच्या नावावर आहे.

आता आमच्याकडे जीपवाले जास्त येतात. कुणाला डोंगर चढायचा असतो, कुणाला ओहोळ ओलांडायचा असतो. सगळ्यांना मोठे टायर पाहिजेत. का पाहिजेत, ते दहातल्या दोघांना ठाऊक असतं.

गेल्या वर्षी माझे गुडघे गेले. माझी मुलगी सुचिता म्हापशाला गाड्यांच्या शोरूममध्ये स्पेअर पार्टच्या काउंटरवर होती. नोकरी सोडून आली आणि म्हणाली, "बाबा, दुकान मी बघते."

गुरुदासला ते पटलं नाही. "टायरच्या दुकानात बायलमनीस? गिरायक येवचें ना, दादा. हॉटेलवालो जागा भाड्यान मागता, देऊन टाकूया."

शेवटी ठरलं, पुढच्या गणेश चतुर्थीपर्यंत बघायचं. तोवर दुकान चाललं तर सुचिताचं, नाही तर हॉटेलवाल्याचं. त्या वर्षातल्या ह्या गोष्टी.

*

पहिल्याच आठवड्यात एक तरुण आला. नवी कोरी जीप, काळा चष्मा.

"मालक खंय आसा?"

"मीच," सुचिता म्हणाली.

"तसं नाही. टायर कोण बघतात?"

"तेही मीच."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाकड्यावर पेपर वाचत होतो. वाचता मला सावकाशच येतं, पण त्या दिवशी मी पेपरातून डोकंच वर काढलं नाही.

मग त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. अलॉयची ही मोठी चकचकीत डिस्क, म्हणजे चाकाचा धातूचा भाग, आणि तिच्याभोवती रबराची बारीकशी पट्टी. "असंच पाहिजे. जंगलात जायचंय."

सुचिताने सांगितलं, "डिस्क मोठी घेतली की तेवढं रबर कमी होतं. दगडावर आपटल्यावर रबर दबतं, डिस्क दबत नाही, फुटते. जंगलात जायचं तर डिस्क लहान ठेवा आणि रबर वाढवा."

"पण हे दिसतं कसं बघा ना!"

सुचिताने फोटो हातात घेतला, नीट बघितला आणि परत दिला. "दादा, ह्या गाडीला चिखल खंय लागलाय?"

तो पोरगा फोटो बोटांनी मोठा करून करून किती तरी वेळ शोधत होता!

*

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. तो मी खाणीवर शिकलो आणि सुचिताने पक्का केला. गाडी चिऱ्यावर चढवल्याशिवाय मोठा टायर विकायचा नाही.

घर बांधायचे तांबडे चिरे आम्ही दारात रचून ठेवलेत. भिंतीला प्रत्येक साईझचा एकेक जुना टायर डिस्कसकट उभा असतो, मापासाठी. ते चाक गाडीला पुढे बसवायचं, त्याला खडू फासायचा आणि ते तीन चिऱ्यांवर चढवायचं. मग स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. खाली वाकून बघायचं, मडगार्डच्या आत पांढरं कुठे लागलं. सपाट जमिनीवर सगळेच टायर बसतात. डोंगरात गाडी वाकडी होते तेव्हा खरं कळतं.

हळर्णचे एक काजू बागायतदार आले. डोंगरावरच्या बागेत जायला जीपला मोठे टायर हवे होते. गाडी चिऱ्यावर चढवली, खडू कुठेच लागला नाही. ते खूश! "बसव गो बाय, बसव!"

सुचिता म्हणाली, "काजूच्या दिवसांत गाडीत कोण कोण बसतं?"

"मी, चार बायका आणि काजूचे डबे."

"मग त्यांना घेऊन या."

त्यांना वाटलं, चेष्टा करते. पण दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आले. धारगळला जायचं म्हणून चौघीही ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत आबोली माळून आल्या होत्या. गाडीत दाटीवाटीने बसल्या. डब्यांऐवजी आम्ही पोत्यांत वाळू भरून ठेवली. गाडी चिऱ्यावर चढली आणि आतून खर्र, खर्र! टायर मडगार्डला घासला.

चौघींत एक सावंतवाडीकडची अंगाने भरलेली बाई होती. ती बिचारी घाबरून म्हणाली, "मी उतारलंय तर चलात काय?"

"तू बस गो मावशी," सुचिता म्हणाली, "आम्ही टायर बदलतो, माणसां नाय!"

त्या बागायतदाराने पुढच्या दोन महिन्यांत हळर्णमधून तीन गिऱ्हाइकं पाठवली. प्रत्येक जण बायकोमुलांसकट आला. आमच्या दारात जत्रा!

*

डिचोलीचे एक निवृत्त मास्तर आले, बायकोला घेऊन. मास्तरांनी मोठे टायर दुसरीकडे बसवून घेतले होते. ते गाडीतून उतरले तेच खुशीत.

"काका, तुमच्याकडे फक्त हवा भरायची आहे. बाकी टायर उत्तम! पण एक गंमत सांगतो. पेट्रोल जास्त जातं, आणि डिचोली ते धारगळ रस्ता मात्र कमी भरतो. मीटरवर चक्क दोन किलोमीटर कमी! रस्ता सरळ केला वाटतं."

 सुचिताने भिंतीकडचं एक चाक घेतलं, त्या गाडीला मुळात येतं तेवढं. त्यावर खडूची रेघ मारली आणि ते जमिनीवर एक पूर्ण फेरा फिरवलं. मग मास्तरांची गाडी तशीच एक फेरा पुढे घेतली. जमिनीवर दोन खुणा झाल्या, मोठ्या चाकाची वीतभर पुढे.

"सर, रस्ता तेवढाच आहे. तुमचं चाक कमी वेळा फिरतं, म्हणून मीटर कमी मोजतो. वेगसुद्धा."

मास्तरांनी वाकून त्या दोन खुणांमध्ये वीत घातली. गणित जमलं असावं. "म्हणजे काटा पन्नासवर असतो तेव्हा..."

"पंचावन्न."

 गाडीत बसलेल्या बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मी रोज सांगत होते की नाही, हळू चालवा म्हणून!"

*

पण सगळी गिऱ्हाइकं टिकली नाहीत. पावसाच्या तोंडावर एक जीपवाला आला. त्याला चार मोठे टायर पाहिजे होते.

"पाच घ्या," सुचिता म्हणाली. "स्टेपनी पण तेवढीच लागते. एक लहान आणि तीन मोठी चाकं घेऊन डोंगरात फिरता येत नाही."

"पाचवा कोण बघतो? चारच द्या."

"मग एकही देत नाही."

तो रागाने गेला. नेमका गुरुदास तेव्हा दुकानात होता. तो माझ्याकडे वळला. "पळयलें मरे? दारात आयिल्लें गिरायक परत धाडलें! हॉटेलवाल्यान काल परत फोन केलो."

सुचिता आत नट खोलायचे पाने पुसत होती. तिला ऐकू गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, "बाय, चार दिले असते तर काय झालं असतं?"

ती म्हणाली, "तुम्ही दिले असते?"

 मी पण नसते दिले.

दोन आठवड्यांनी हायवेवरून एक जीप आली. एका कोपऱ्यात खचलेली, जशी काय रस्त्याला नमस्कार करत येते! तीन मोठी चाकं, एक बारकं. आमच्या समोर आल्यावर तिचा वेग कमी झाला. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं नाही. नुसता खिडकीतून हात बाहेर काढला आणि पाच बोटं दाखवली.

*

चतुर्थीला आठ दिवस राहिले तेव्हा गुरुदास स्वतःची गाडी घेऊन आला. खाण बंद झाल्यावर त्याने थोडी बागायत घेतली होती. तिथल्या चढावर गाडी घसरते म्हणाला. मोठे टायर पाहिजेत.

सुचिता पुढे झाली. गुरुदास मला म्हणाला, "तू सांग, दादा. म्हाका तुझें माप जाय, तिचें न्हय."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. वर्षभर कुणी मला विचारलं नव्हतं. भाऊ खुशीत असला तर जागेचं बोलणंही सोपं जाईल, असंही मनात आलं. मी ऐटीत म्हणालो, "तेहेतीस इंची बसव. खाणीवरच्या जीपला आपण तेहेतीसच घालायचो."

सुचिता हळूच म्हणाली, "बाबा, ह्या गाडीला एकतीस पुरे."

"तेहेतीस!" मी म्हटलं.

तिने वाद घातला नाही. तेहेतीसचं मापाचं चाक बसवलं, खडू फासला. गुरुदास स्टेअरिंगवर बसला. गाडी तीन चिऱ्यांवर चढली. त्याने स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, मग उजवीकडे.

सुचिता आणि मी खाली वाकलो. मडगार्ड स्वच्छ होतं. मी हसणार होतो, इतक्यात मला दिसलं. पांढरं लागलं होतं ते ब्रेकच्या नळीला. रबरी नळी, त्यातून ब्रेकचं तेल जातं. भिंतीकडचं ते चाक झिजलेलं, तरी घासलं होतं. नवा टायर असता तर चार वळणांत नळी कापली असती, आणि गुरुदासच्या बागेचा उतार सरळ नदीत जातो.

 तीस वर्षं मी हे काम केलं.

सुचिताने माझ्याकडे बघितलं. मग खिशातलं फडकं काढलं आणि नळीवरचा खडू घाईघाईने पुसला. उठून काकाला म्हणाली, "बाबांचं माप जुन्या जीपला बरोबर आहे, काका. ह्या मॉडेलला आतून जागा कमी दिलीय. एकतीस घालूया."

गुरुदास गाडीतून उतरला. खाणीवर पंचवीस वर्षं टिपर चालवलेला माणूस. त्याने तिच्या हातातलं फडकं बघितलं. मग गुडघे टेकून आत वाकला आणि नळीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. तो उठला, ते बोट त्याने पँटला पुसलं. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

सुचिताने तेहेतीसचं चाक काढलं, एकतीसचं आणलं आणि गाडीखाली सरकून नळी कुठे दुखावली नाही ना ते तपासायला लागली. मी तिच्या डोक्याशी उभा होतो. 

गुरुदासने मोबाईल काढला आणि हायवेकडे तोंड करून मोठ्याने बोलला. "हांव गुरुदास. ती जागा विसरा. ना, ना, भाड्याचें कांय ना. थंय आमचें चेडू बसता."

फोन खिशात टाकून तो परत आला आणि चाकापाशी उकिडवा बसला. थोडा वेळ तिचं काम बघत राहिला. मग मान वर न करता मला म्हणाला, "दादा, वायच बाजूक हो. तुझी सावळी पडता. तिका दिसना."

मी बाजूला झालो.